पटसंख्या, नागरी उच्च प्राथमिक शाळांतील

शाळेच्या नोंदवहीत ठराविक दिवशी ज्या विद्यार्थ्यांची नावे दाखल असतात, त्यांची एकूण संख्या म्हणजे त्या शाळेची पटसंख्या होय. वय, लिंग, इयत्ता, अध्यापनाचे माध्यम, सामाजिक प्रवर्ग व दिव्यांगत्व यांनुसार या संख्येची विभागणी केली असता शाळेची विद्यार्थिरचना स्पष्ट होते. शिक्षकांची पदे, वर्गखोल्या, पोषण आहाराचे धान्य, पाठ्यपुस्तके आणि काही वेळा खुद्द शाळेचे अस्तित्वही पटसंख्येवर अवलंबून असते. त्यामुळे ती केवळ कार्यालयीन आकडा न राहता मुलांच्या शिक्षणाच्या हक्काशी निगडित झालेली बाब ठरते. नगर परिषदा व महानगरपालिका यांच्या सहावी ते आठवीच्या शाळांत हा संबंध विशेष ठळकपणे दिसून येतो. प्रस्तुत विवेचनात बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव या शहराचा उदाहरणादाखल आधार घेतला आहे.

शेगावची पार्श्वभूमी : शेगाव हे वऱ्हाडातील तालुक्याचे ठिकाण मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावर वसलेले आहे. हा मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचला. कापसाच्या व्यापारामुळे येथे सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. येथील नगरपालिका १८८१ मध्ये स्थापन झाली. संत गजानन महाराज १८७८ मध्ये येथे प्रकट झाले व १९१० मध्ये त्यांनी समाधी घेतली, अशी परंपरा असून त्यांच्या समाधिस्थानामुळे शेगाव हे महाराष्ट्रातील एक प्रमुख यात्रास्थान बनले आहे. शहराची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे १५,०००, २००१ मध्ये ५२,४१८ व २०११ मध्ये ५९,६७२ होती. म्हणजे एकशेदहा वर्षांत ती जवळजवळ चौपट झाली. १९८३ मध्ये येथे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. व्यापार, बाजार समिती, लोहमार्ग आणि यात्रा यांवर जगणाऱ्या अशा शहरात कायम रहिवासी, आसपासच्या खेड्यांतून रोज येणारे आणि हंगामापुरते वस्तीला आलेले, असे तिन्ही प्रकारचे लोक असतात. त्यांच्या मुलांची मोजदाद करताना या तिन्ही गटांचा विचार करावा लागतो.

संज्ञा व इतिहास : वऱ्हाड हा प्रदेश १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १९०३ मध्ये तो कारभारासाठी मध्य प्रांतास जोडण्यात आला. मध्य प्रांत व वऱ्हाडात पहिली ते चौथी प्राथमिक, पाचवी ते आठवी ‘मिडल स्कूल’ व त्यापुढे हायस्कूल, अशी शाळांची विभागणी रूढ होती. मुंबई इलाख्यात मात्र सातवीपर्यंतच्या शिक्षणास प्राथमिक म्हणत. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाल्यावर या दोन पद्धतींचा मेळ घालावा लागला. ‘मिडल स्कूल’ हा शब्द वऱ्हाडातील जुन्या पिढीच्या बोलण्यात त्यानंतरही टिकून राहिला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याने पहिली ते पाचवी प्राथमिक व सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी रचना निश्चित केली.

नागरी संस्थांवर शिक्षणाची जबाबदारी टाकण्याची परंपरा याहून जुनी आहे. बडोदे संस्थानात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली येथे सुरू झाला व १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू झाला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना १९१८ मध्ये सक्तीचे शिक्षण सुरू करण्याचा अधिकार मिळाला. मध्य प्रांताने १९२० मध्ये तशाच आशयाचा कायदा केला. आज महाराष्ट्रातील नगर परिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमानुसार चालतो [→ प्राथमिक शिक्षण].

नोंदवह्या : पटसंख्येचा मूळ आधार म्हणजे शाळेची सर्वसाधारण नोंदवही होय. विदर्भात तिला ‘दाखल-खारीज’ असेही म्हणतात. दाखल म्हणजे नाव चढविणे व खारीज म्हणजे ते कमी करणे. तीत विद्यार्थ्याचा अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, जात, पूर्वीची शाळा, प्रवेशाचा व शाळा सोडल्याचा दिनांक इ. तपशील असतो. दैनंदिन उपस्थिती मात्र हजेरीपटावर नोंदविली जाते. या जुन्या नोंदवह्यांना शाळेबाहेरही महत्त्व आहे. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी महाराष्ट्रात अनुसूचित जातींकरिता १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींकरिता ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींकरिता २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांकरिता १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. ज्यांच्या घरी जमिनीचा कागद नाही, अशा कुटुंबांत आजोबांच्या शाळेतील एक ओळ हाच असा पुरावा असू शकतो.

शाळांची माहिती देशभर एकाच नमुन्यात गोळा करण्याची संगणकीय पद्धती २०१२-१३ पासून ‘यू-डायस’ या नावाने रूढ झाली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘सरल’ ही प्रणाली आणून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद ठेवण्यास आरंभ केला. पूर्वी शाळा आपली बेरीज कळवीत असे, आता बेरजेतील प्रत्येक नाव वेगळे तपासता येते. पुढे या नोंदी आधार क्रमांकाशी जोडण्यात आल्या. एकच मूल दोन शाळांच्या पटावर असणे त्यामुळे अवघड झाले. परंतु ज्या मुलाचा आधार क्रमांक नाही किंवा ज्याच्या नावात व जन्मतारखेत तफावत आहे, ते वर्गात बसत असूनही मोजणीतून सुटण्याचा संभव निर्माण झाला.

लोकसंख्येचा पाया : पटसंख्या वाढली किंवा घटली याचा अर्थ लावण्यापूर्वी त्या वयाची मुले शहरात किती आहेत, हे पाहणे आवश्यक असते. जनगणनेत शून्य ते सहा वर्षे वयोगट स्वतंत्र मोजला जातो व त्यावरून पुढील काही वर्षांच्या शालेय वयोगटाचा अंदाज बांधता येतो. २०११ मध्ये महाराष्ट्राच्या ११.२४ कोटी लोकसंख्येत या वयोगटातील मुले सुमारे १.३३ कोटी, म्हणजे जवळजवळ १२ टक्के होती. हेच प्रमाण शेगावास लावल्यास तेथे अशी सुमारे ७,१०० मुले असावीत. वयाच्या प्रत्येक वर्षाला ती सुमारे १,००० पडतात. सहावी ते आठवी या तीन इयत्तांचे वय साधारणतः अकरा ते तेरा असल्यामुळे शहरातील सर्व प्रकारच्या शाळांना मिळून या टप्प्यावर सुमारे ३,००० स्थानिक मुले अपेक्षित धरता येतात. हा केवळ अंदाज होय. शहराचे प्रत्यक्ष प्रमाण राज्याच्या प्रमाणाहून कमीअधिक असू शकते आणि खेड्यांतून येणारी मुले त्यात धरलेली नाहीत. तीच मुले पटावर असल्यामुळे कित्येक तालुक्यांच्या ठिकाणी पटसंख्येचे स्थानिक मुलांशी असलेले प्रमाण शंभर टक्क्यांहून अधिक येते. त्यावरून शहरातील प्रत्येक मूल शाळेत आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

महाराष्ट्राची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, तरी शून्य ते सहा वयोगटातील मुलांची संख्या १.३७ कोटींवरून १.३३ कोटींवर आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील एकूण जननदर १९९२-९३ मध्ये २.८६ होता, तो २०१९–२१ मध्ये १.७ झाला. शाळांची पटसंख्या घटण्यामागे केवळ पालकांची नापसंती नसून लहान झालेली कुटुंबे हेही एक मूलभूत कारण आहे. एखाद्या नगर परिषद शाळेतील मुले कमी झाली, तर ती दुसऱ्या शाळेत गेली की जन्मलीच कमी, हा भेद केल्याशिवाय शाळेच्या गुणवत्तेविषयी मत बनविता येत नाही.

मुलामुलींचे प्रमाण : शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण बुलढाणा जिल्ह्यात २००१ मध्ये ९०८ होते, ते २०११ मध्ये ८५५ पर्यंत खाली आले. त्याच वर्षी राज्याचे प्रमाण ८९४ होते. गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये व केंद्र शासनाने १९९४ मध्ये केला असतानाही ही घट झाली. या पिढीतील मुलेमुली साधारणतः २०१५ ते २०२४ या काळात उच्च प्राथमिक वर्गांत होती. ८५५ या प्रमाणात त्या वयाच्या शंभर मुलांत मुली सुमारे ४६ भरतात. म्हणून अशा जिल्ह्यातील एखाद्या वर्गात ४६ टक्के मुली असतील, तर त्या शाळेने मुलींना वगळले असे म्हणता येत नाही. त्यांचे कमी असणे शाळेच्या आधीच ठरलेले असते. उलट नगर परिषदेच्या शाळेत मुलींचे प्रमाण ५० टक्क्यांहून बरेच अधिक आढळल्यास मुलग्यांना शुल्क भरून अन्यत्र पाठविले जाते काय, हे तपासावे लागते. शहरातील सर्व शाळांचे आकडे एकत्र मांडल्यावरच याचे उत्तर मिळते.

माध्यम व सामाजिक रचना : वऱ्हाडातील शहरांत मराठीबरोबर उर्दू माध्यमाच्या व काही ठिकाणी हिंदी माध्यमाच्या सार्वजनिक शाळा चालत आल्या आहेत. दोन माध्यमांच्या शाळा एकाच आवारात असल्या, तरी त्यांचे पट स्वतंत्र असतात व शिक्षकही वेगळे मंजूर होतात. एका माध्यमातील जास्तीचा शिक्षक दुसऱ्या माध्यमातील उणीव भरून काढू शकत नाही. आठवीनंतर त्याच माध्यमाची माध्यमिक शाळा जवळ नसली, की गळती वाढते आणि तिची झळ मुलींना अधिक बसते.

नगर परिषदांच्या शाळांतील विद्यार्थिरचनेत गेल्या काही दशकांत मोठा बदल झाला आहे. पूर्वी व्यापारी, कारकून, शिक्षक, हमाल व मजूर यांची मुले एकाच शाळेत असत. खाजगी अनुदानित शाळा वाढल्या, त्यांच्या पाठोपाठ इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळा आल्या आणि २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमाने अशा शाळा काढण्याची वाट आणखी मोकळी झाली. त्यानंतर शुल्क भरू शकणारी कुटुंबे क्रमाने बाहेर पडली. अनेक शहरांत पालिकेच्या शाळांमध्ये अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, मुस्लिम समाज आणि स्थलांतरित मजूर यांच्या मुलांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येतील वाट्याहून अधिक आढळतो. ज्यांची मुले शाळेत आहेत त्या पालकांचा आवाज नगर परिषदेत दुर्बळ असेल, तर इमारतीची दुरुस्ती किंवा रिक्त पदे यांसाठी पाठपुरावा होत नाही. तो न झाल्याने आणखी पालक शाळा सोडतात. पटाच्या घसरणीचे हे चक्र थांबविणे अवघड असते. तथापि प्रवाह नेहमी एकाच दिशेने वाहतो, असेही नाही. ‘असर’ या पाहणीनुसार भारताच्या ग्रामीण भागात शासकीय शाळांतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते, ते कोरोना साथीनंतर २०२२ मध्ये ७२.९ टक्क्यांवर गेले. उत्पन्न घटले असता शुल्क न घेणारी शाळाच आधाराला येते, हे त्यावरून दिसते.

पटसंख्या व शिक्षकांची पदे : महाराष्ट्रात साधारणतः ३० सप्टेंबर रोजी असलेल्या पटावरून शिक्षकांची पदे मंजूर केली जातात. या प्रक्रियेस संचमान्यता म्हणतात. २००९ च्या अधिनियमानुसार सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक, दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक आणि विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा या तीन गटांसाठी किमान एकेक शिक्षक आवश्यक असतो. विद्यार्थी १०० हून अधिक असल्यास पूर्णवेळ मुख्याध्यापक, तसेच कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमण्याची तरतूद आहे.

या नियमांचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होतो. सहावीत ३४, सातवीत ३३ व आठवीत ३५ अशी १०२ मुले असलेल्या शाळेला तीन विषय-शिक्षक व पूर्णवेळ मुख्याध्यापक मिळू शकतो. त्यांपैकी पाच मुले गेली की पट ९७ होतो आणि मुख्याध्यापकपदाचा आधार जातो. मग कार्यालयीन कामाचा भार तिघांपैकी एका शिक्षकावर पडतो व त्याच्या विषयाचे तास बुडू लागतात. उलट आणखी सहा मुले आली, तर पट १०८ होऊन चौथ्या शिक्षकाची गरज सिद्ध होते. थोड्या मुलांच्या जाण्यायेण्याने उरलेल्या सर्वांच्या शिक्षणात असा फरक पडतो. राज्य शासनाने संचमान्यतेचे तपशीलवार निकष २०१५ व २०२४ मध्ये नव्याने ठरविले. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचा विचार पुढे आला. त्यावर, अंतर वाढल्याने मुली व लहान मुले शाळेबाहेर राहतील, असा आक्षेप घेतला गेला. उच्च प्राथमिक शाळा वस्तीपासून तीन किलोमीटरांच्या आत असावी, असा नियम आहे.

पट आणि उपस्थिती : पटावरील नाव व वर्गात बसलेले मूल या दोन वेगळ्या गोष्टी होत. पदे व अनुदान पटावर अवलंबून असल्याने तो फुगविण्याचा मोह काही संस्थांना होतो. नांदेड जिल्ह्यात असे प्रकार उघडकीस आल्यावर राज्य शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये सर्व जिल्ह्यांत एकाच वेळी विशेष पटपडताळणी केली. त्या वेळी सुमारे २० लाख नावांची मुले प्रत्यक्ष आढळली नाहीत. यातील प्रत्येक नाव खोटे होते, असे मात्र नव्हे. कापूस वेचणी, वीटभट्टी किंवा ऊसतोड यांसाठी आईवडिलांबरोबर गेलेले मूल पटावर असते, पण वर्गात नसते. प्रारंभिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलास शाळेतून काढून टाकता येत नाही, तसेच शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. मुलाच्या हिताच्या या दोन्ही तरतुदींमुळे काही काळ एकच नाव दोन ठिकाणी राहू शकते. स्थलांतरित मुलांसाठी राज्याने हंगामी वसतिगृहे व शिक्षण हमी कार्ड या योजना राबविल्या आहेत.

शालेय पोषण आहाराचा हिशोब पटावर नव्हे, तर उपस्थितीवर होतो. उच्च प्राथमिक विद्यार्थ्यासाठी रोज १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरलेले आहे. त्यामुळे आहाराची नोंदवही व हजेरीपट यांची पटाशी तुलना करणे, हा पटाच्या सत्यतेचा एक साधा निकष ठरतो.

गळती : हारटॉग समितीने १९२९ मध्ये भारतीय प्राथमिक शिक्षणातील अपव्यय व स्थगन यांकडे लक्ष वेधले. शिक्षण पूर्ण होण्यापूर्वी मुलाने शाळा सोडणे म्हणजे अपव्यय किंवा गळती व एकाच इयत्तेत एकाहून अधिक वर्षे राहणे म्हणजे स्थगन होय. गळती मोजण्यासाठी एका वर्षीच्या सहावीतील मुले दोन वर्षांनी आठवीत किती राहिली, हे पाहतात. परंतु मूल शहरातल्याच दुसऱ्या शाळेत गेले असेल, तर ती गळती नसून स्थलांतर असते. विद्यार्थीनिहाय नोंदींमुळे हा भेद करणे आता शक्य झाले आहे. पाचवीनंतर शाळा बदलावी लागणे आणि बारा-तेराव्या वर्षी घरकाम, धाकट्या भावंडांची देखभाल किंवा दुकानातील मजुरी अंगावर पडणे, ही या टप्प्यावरील गळतीची प्रमुख कारणे होत. यात्रेच्या शहरांत उत्सवाच्या दिवसांत हंगामी काम सहज मिळते. शेगाव येथे प्रकटदिन, रामनवमी व ऋषिपंचमी या दिवशी मोठी गर्दी होते. अशा दिवसांतील व इतर दिवसांतील उपस्थितीची तुलना तेथे उद्‌बोधक ठरू शकते.

प्रवेशाचे पर्याय व परदेशांतील तुलना : २००९ च्या अधिनियमानुसार खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशस्तरावरील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना मोफत द्यावयाच्या असतात. महाराष्ट्रात या जागांसाठी सोडत काढली जाते. शासकीय किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खाजगी शाळेला यातून सूट देणारा बदल राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलै २०२४ मध्ये रद्द ठरविला.

अमेरिकेत सार्वजनिक पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या ‘चार्टर’, म्हणजे सनदी, शाळांचा कायदा प्रथम मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला व पुढील वर्षी तेथील सेंट पॉल शहरात पहिली शाळा निघाली. या शाळा शुल्क घेत नाहीत व अर्ज अधिक आल्यास सोडत काढतात. ठरलेल्या मुदतीत अपेक्षित काम न झाल्यास त्यांची सनद रद्द होऊ शकते. तेथे शाळांच्या विद्यार्थिरचनेत वंश, इंग्रजी नव्याने शिकणारी मुले व सवलतीच्या जेवणास पात्र मुले यांचे प्रमाण प्रसिद्ध केले जाते. जेवणाची पात्रता मुख्यतः उत्पन्नावर ठरत आल्याने तिच्यावरून गरिबीचा अंदाज बांधतात. भारतात शासकीय व अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या सर्वच मुलांना आहार मिळत असल्याने असा अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी प्रवर्ग, पालकांचा व्यवसाय व शिष्यवृत्ती यांच्या नोंदी पाहाव्या लागतात. महाराष्ट्रातील खाजगी अनुदानित शाळा या सनदी शाळांना काही अंशी जवळच्या असून १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून चालत आलेल्या अनुदानपद्धतीत त्यांचे मूळ आहे. अधिक निकटचे उदाहरण मुंबई व पुणे येथे आढळते. तेथील महानगरपालिकांच्या काही शाळा ‘आकांक्षा’ ही संस्था २००७ पासून पालिकांच्या सहकार्याने चालविते.

सोडतीने प्रवेश देणारी शाळा व दारी येणाऱ्या प्रत्येकास घेणारी नगर परिषदेची शाळा यांच्या पटाची तुलना सावधपणे करावी लागते. पहिल्या प्रकारात अर्ज करण्याइतकी माहिती व सवड असलेल्या पालकांचीच मुले येतात. दुसऱ्या प्रकारात वर्षाच्या मध्येच आलेले, दाखला नसलेले किंवा काही वर्षे शाळेबाहेर राहिलेले मूलही वयानुरूप वर्गात दाखल करून घ्यावे लागते. म्हणून नगर परिषदेच्या शाळेचे मूल्यमापन पटाच्या आकारावरून न करता, शहरातील त्या वयाची एकूण मुले, पटावरील मुले, नियमित हजर मुले आणि आठवी पूर्ण करून नववीत गेलेली मुले या चार संख्या एकत्र मांडून करणे उचित ठरते. या संख्यांमधील अंतरावरून मुले शाळेपर्यंत कोठे पोचत नाहीत व कोठे निसटतात, हे कळून येते [→ जनगणना].